मामाचा आकडा

काचेच्या दुकानदाराच्या घरी मूल जन्माला यावं आणि त्याला नेमका हिमोफिलिया असावा, म्हणजे थट्टेलाही काही सुमार असतो की नाही! बापाचा धंदा खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापून द्यायचा, आणि मुलगा असा, की रक्त वाहायला लागलं की थांबायचं नाव नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, याला टाचणी टोचली तरी हा मरेल. तसं नसतं हो. बारीकसारीक ओरखड्यानं काही होत नाही. खरा वैरी आत असतो. कुठे काही लागलेलं नसताना घोट्यात, गुडघ्यात, कोपरात रक्त झिरपतं, सांधा टम्म फुगतो, आणि दर वेळी त्या सांध्याचा थोडा थोडा चुरा करून जातो. पण बापाला हे कोण समजावणार? त्यानं पोराला काच कापायच्या टेबलाजवळ कधी फिरकू दिलं नाही. गल्ल्यावर बस, मापं लिहून घे, गिऱ्हाइकाशी गोड बोल. पोरगा चाळिशीला आला, बाप गेला, दुकान त्याच्या नावावर झालं, तरी हा आपला गल्ल्यावरच. काच कापायला पगारी कारागीर.

घरात त्याला बारक्या म्हणत. बाहेर मात्र तो सगळ्यांचा मामा. रक्ताच्या आजारांचं जे केंद्र होतं तिथल्या सिस्टरसुद्धा त्याला मामाच म्हणायच्या, कारण तिथे तो कायम भाच्याला घेऊन यायचा. हा आजारच मुळी मामा-भाच्यांचा. बाईच्या रक्तातून येतो, सहसा तिला फारसं काही करत नाही आणि तिच्या मुलग्यांना गाठतो. आईकडून बारक्याला आला, ताईकडून तिच्या मुलाला. मधल्या मधे ताई ठणठणीत. ठणठणीत म्हणजे अंगानं. मनानं त्या बाईचं काय झालं होतं ते तिचं तिला माहीत. पोराचं दुखणं कळल्यावर नवऱ्यानं "हे तुमच्या घरातलं आहे" एवढं एकच वाक्य बोलून पाय काढला होता. मग ताई शीर शोधायला शिकली, आणि एक दिवसाआड आपल्या हातानं पोराला सुई टोचून फॅक्टर द्यायला लागली. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारा पदार्थ, जो या लोकांच्या अंगात तयारच होत नाही. तो बाटलीतून येतो, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, आणि एकदा दिला की जेमतेम दोन दिवस पुरतो.

"माझ्या पोराचा एक सांधा मी बिघडू दिला नाही," असं ताई मान ताठ करून सांगायची. मान ताठ करायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

मामाच्या लहानपणी बाटल्या कुठल्या! सांधा सुजला की बर्फ आणि बिछाना. त्यामुळे त्याचा डावा घोटा आणि गुडघा कामातून गेलेले. चालताना तो असा हेलकावे खायचा, की गल्लीतली पोरं मागून त्याची नक्कल करत. भाचा मात्र सरळ चालायचा. इंजिनांचं वेड त्याला. जहाजावरच्या इंजिनांचं शिक्षण घेत होता, म्हणून घरात त्याचं नाव पडलं खलाशी. कुणी विचारलं, "अरे, जहाजच कशाला?" तर म्हणायचा, "जिथे आईचा फ्रिज नाही अशी एकच जागा आहे, समुद्र." ताई हसायची. पण तिला ते लागायचं.

तर केंद्रात जीन थेरपी आली तेव्हा पहिल्या पेशंटांत मामाचा नंबर लागला. डॉक्टरबाईंनी सोप्या शब्दांत समजावलं होतं. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातलं सगळं काढून टाकायचं आणि तिथे फॅक्टर बनवायची कृती भरायची. सलाइनसारखा शिरेतून सोडला की तो लिव्हरमध्ये जाऊन बसतो, आणि लिव्हर स्वतःच फॅक्टर बनवायला लागतं.

"पण मामा, हे एकदाच," बाई बोट उचलून म्हणाल्या होत्या. "शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं. दुसऱ्यांदा आला तर दारातच ठेचतं. टिकलं तर टिकलं. नाही टिकलं तर परत नाही."

"परत लग्न तरी कुठे करतोय मी, बाई," मामा म्हणाला. तो आयुष्यभराचा ब्रह्मचारी. सगळे हसले आणि त्यानं सही ठोकली.

आणि काय सांगू, ते लागू पडलं! धडधाकट माणसाचा फॅक्टर शंभर धरला तर मामाचा जन्मापासून एकाच्याही खाली. तो चाळीसवर गेला. सुया बंद. फ्रिजमध्ये अडीअडचणीला म्हणून थोड्या बाटल्या ठेवल्या होत्या, वापरल्या तर लगेच कळवायचं या अटीवर. मोडलेला घोटा काही परत आला नाही, तो होता तसाच राहिला, पण नवं रक्त कुठे झिरपेना. त्याच सुमारास कारागिरानं स्वतःचं दुकान टाकलं. दुसरा शोधायचा सोडून मामा सरळ टेबलापाशी जाऊन उभा राहिला. टेबलावर जुनी घोंगडी अंथरलेली. त्यावर काच, काचेवर पट्टी, आणि हातात काच कापायचा बापाचा हिरा. हिरा एका दमात ओढायचा असतो, हात थांबला की संपलं. पहिल्या चार काचा मामानं फुकट घालवल्या. पाचवी टेबलाच्या कडेवर धरून दाबली आणि ती टक् करून सरळ रेषेत तुटली. गिऱ्हाईक समोर उभं असताना हा बाबा ढसाढसा रडला. बोट कापलं होतं, त्याचंही त्याला भान नव्हतं. थोड्या वेळानं पाहतो तर रक्त आपलं आपण थांबलेलं.

केंद्रात मामाचा भाव वधारला. बिचकणारे नवे पेशंट आले की डॉक्टरबाई म्हणायच्या, "मामांना भेटा." मामा बोटावरचे कापल्याचे व्रण दाखवायचा, एखादा विनोद करायचा आणि समोरच्याचा चेहरा खुलायचा. जन्मभर ज्याला लोकांनी "जपून, जपून" म्हटलं, त्याच्याकडे लोक असं बघायला लागले तर कुणाला आवडणार नाही?

मग आकडा उतरायला लागला. तीस झाला. पुढच्या तपासणीला अठरा.

"काही जणांचं होतं असं," बाई म्हणाल्या. "लिव्हर ठीक आहे. बघू पुढच्या वेळी."

पण मामाला पुढच्या वेळेची वाट बघायची गरज नव्हती. एका सकाळी काच उचलताना घोट्यात मुंग्या आल्या. या माणसांना रक्त झिरपायच्या आधी आतून एक सूचना मिळते, थोडी ऊब, थोड्या मुंग्या. ती त्यांना आईच्या हाकेसारखी ओळखू येते. संध्याकाळी घोटा बुटात मावेना. मामा गल्ल्यामागच्या खुर्चीत बसला आणि त्यानं बर्फ लावला. कळवलं कुणालाच नाही.

त्याच आठवड्यात तपासणी होती. ताई आणि खलाशीही येणार होते, कारण खलाशीच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध आधीच काही तयार झालेलं नाही ना, हे पाहायचं होतं. असलं तर त्याच्यासाठी दार आधीच बंद. ताई दोन दिवस धड जेवली नव्हती. आता अशा वेळी आपला आकडा पार खाली आलेला तिनं बघायचा? मामानं मनाशी म्हटलं, एवढा एक दिवस निभावून नेऊ, मग बाईंना सगळं सांगू. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं फ्रिजमधली बाटली काढली, औषध सुईत ओढलं, रबराचा पट्टा पायाला आवळला आणि पावलावरची शीर धरली. हातावर टोचलं असतं तर सिस्टरला खूण दिसली असती. बघा, एवढी अक्कल बरोबर सुचते माणसाला!

केंद्रात बाईंनी कागद पाहिला आणि खुर्चीतून उठल्याच.

"मामा, वर आलाय! पन्नासच्या पुढे!"

खलाशीच्या रक्ताचा निकालही चांगला आला. ताईनं भर दवाखान्यात भावाच्या गळ्यात पडून हुंदका दिला. खलाशीनं मामाला कमरेत धरून उचललं आणि गरकन फिरवलं. त्या आनंदात कुणी "थांबा, हे खोटं आहे" म्हणायचं? मामाला नाही जमलं. पुढच्या तपासणीला बाटली काढताना त्याला आधीइतकं जड गेलं नाही, आणि त्याच्या पुढच्या वेळी त्यानं विचारही केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ उघडणार होती दुसऱ्याच्या तळहातावर, हे त्याला दिसत होतं आणि तरी तो बघत नव्हता.

खलाशीला डॉक्टरबाईंनी अजिबात घाई केली नाही. उलट मामासमोरच सांगितलं, "तुझे सांधे उत्तम आहेत. सुया नीट चालल्यात. याच्यापेक्षा जास्त टिकणारं काहीतरी चार-पाच वर्षांत येईल असं दिसतंय, पण आज हे घेतलंस तर ते तुला बहुतेक मिळणार नाही. आणि थांबलास तर मधे तसल्याच विषाणूचा संसर्ग होऊन रक्त बिघडलं, तर हेही नाही. मी तुझ्या वतीनं ठरवणार नाही. पण थांबलास तरी काही बिघडत नाही."

इकडे जहाजाच्या कंपनीनं खलाशीला घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, फॅक्टर सुईशिवाय अंगात असला पाहिजे.

तो दुकानात आला. मामा आरशाची काच कापत होता. खलाशी टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि हिरा पार टोकाला जाईपर्यंत थांबला. तेवढी शिस्त होती पोराला.

"मामा, बाई म्हणतात थांब. आई म्हणते तुझं तू ठरव, पण तिच्याकडे बघवत नाही. माझ्याकडे विचारायला तूच एक माणूस आहेस. तुझं टिकलंय. तू माझ्या जागी असतास तर घेतलं असतंस?"

मामाच्या घशाशी आलं होतं सगळं. खोटं कशाला सांगू, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "घेतलं असतं की."

"खरं?"

"तुझ्या जागी असतो तर आज इथे काच कापत बसलो असतो का? बोटीवर असतो."

खलाशी हसला, टेबलावर दोन थापा मारून निघून गेला. मामा कापलेल्या काचेच्या कडा पुसत राहिला. आपलं म्हणणं खोटं नव्हतं असं तो स्वतःला समजावत होता. घेतलं असतंच की त्यानं! पण पोरानं "तुझं टिकलंय" म्हटलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालंच नव्हतं.

इतक्यात मामाच्या बाटल्याही संपल्या. मग काय केलं असेल त्यानं? चोरी. सख्ख्या बहिणीच्या घरी. ती कामावर गेलेली, खलाशी शिकायला, किल्ली मामाकडे असायचीच. भाच्याच्या औषधातली एक बाटली त्यानं उचलली. बिनकामाचा पाहुणा येऊन जातो तसा आला आणि गेला.

ताईला कळणार नव्हतं थोडंच? जिनं इतकी वर्षं त्या फ्रिजमधली एकेक बाटली डोळ्यांत तेल घालून सांभाळली, तिला! ती दुसऱ्याच दिवशी दुकानात आली, मागच्या खोलीत गेली आणि फ्रिज उघडून बघितला. मग मामाला आत बोलावलं.

"बूट काढ," ती म्हणाली.

"ताई, अगं..."

"बारक्या, बूट काढ."

घोटा वांग्यासारखा जांभळा पडला होता. पावलावर सुईच्या खुणा. ताई तिथल्या खोक्यावर बसली. तिला आरडाओरडा करायची सवयच नव्हती.

"कधीपासून?"

मामानं सांगितलं. अथपासून इतिपर्यंत. शेवटी म्हणाला, "मी आज त्याला सांगतो. आणि उद्या बाईंना."

मामाला वाटलं, आता ही दोन थोबाडीत देईल आणि बरं होईल. पण ताई म्हणाली ते त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"त्याला सांगू नकोस."

"काय?"

"तुझं गेलं म्हणून त्याचं जाईल असं कुठे आहे? बाई म्हणतात, प्रत्येकाचं शरीर वेगळं. तो तरणा आहे, लिव्हर चांगलं आहे. तू सांगितलंस तर घाबरून मागे सरेल. मग जहाज गेलं. मग उद्या कसला तरी संसर्ग होणार आणि रक्त बिघडणार. मग जन्मभर माझा फ्रिज." तिचा आवाज फाटला. "माझ्यामुळे झालंय रे त्याला. त्याच्या बापानं बोलून दाखवलं, तो बोलत नाही इतकंच. एकदा, एकदाच तरी माझ्या घरातून त्याला काहीतरी चांगलं मिळू दे."

"ताई, त्याचं त्याला ठरवू दे ना. खरं कळू दे आणि मग ठरवू दे."

"ठरवलंय त्यानं. आता मोडू नकोस." ती उठली. "तपासणीच्या दिवशी माझ्याकडे ये. चोरी करू नकोस. मी देईन बाटली."

आणि दिली तिनं. जेवणाच्या डब्यात घालून, वर रुमाल बांधून. मामानं ती घेतली. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून घेतली म्हणा, की स्वतःची अब्रू वाचते म्हणून घेतली म्हणा. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं जास्त खरं होतं.

खलाशीला थेरपी दिली त्या दिवशी मामा खोलीत बसून होता. काही बघण्यासारखं नसतंच त्यात. एक पिशवी, एक नळी, थेंब पडतायत. खलाशी पलंगावर पडून म्हणाला, "एवढंच? मला वाटलं वीजबीज चमकेल." सिस्टर हसली. ताई नळीकडे बघत होती. पिशवी अर्धी झाली तोवर मामाला वाटत होतं, अजून उठून ओरडता येईल. मग पाऊण झाली. मग सिस्टरनं रिकामी पिशवी काढून नेली आणि मामा बाहेर जाऊन पायरीवर बसला.

सुरुवात तर झकास झाली. खलाशीचा आकडा तीसवर गेला, पन्नासवर गेला. ताई फ्रिजमधला तो कप्पा पुसून त्यात भाजी ठेवायला लागली. कंपनीनं निघायची तारीख दिली. आणि मग रक्तात लिव्हर बिनसल्याची खूण आली. शरीर त्या पाहुण्याविरुद्ध उठलं होतं. डॉक्टरबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. पोराचा चेहरा सुजला, अंगावर फोड आले, झोप उडाली, चिडचिड इतकी की ताईला कपाट फोडेल असं वाटायचं. गोळ्या वाढवल्या तरी आकडा घसरतच राहिला. जहाज त्याला सोडून गेलं. आणि दोन तपासण्यांच्या मधे, आकडा किती खाली गेलाय हे कळायच्या आत, कॉलेजच्या कार्यशाळेत शिडी उतरताना खलाशीचा गुडघा मुरगळला. त्यानं सुई घेतली नाही. सुई घ्यायची गरज नसणाराच तर तो झाला होता! सकाळपर्यंत गुडघा मांडीएवढा झाला. ज्या पोराचा एक सांधा ताईनं बिघडू दिला नव्हता, त्याच्या गुडघ्याचा फोटो बघून डॉक्टरबाईंनी तो पालथा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "सुया परत सुरू करू." पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. एकदाच होतं ते, आणि ते झालं होतं.

खलाशी दुकानात आला तो ताईच्या खांद्यावर हात ठेवून. चालताना हेलकावे खात होता. मामाला ते बघवेना. ताई दाराशी स्टुलावर बसली आणि खलाशी लंगडत आत, टेबलापाशी आला. सुजलेल्या चेहऱ्यात त्याचे डोळे बारीक दिसत होते.

"मामा, मला एक सांग. तू काय केलंस?"

"कसलं काय केलंस?"

"तुझं टिकलं. तू काय खाल्लंस, कसा राहिलास, काय पाळलंस, सगळं सांग. कारण माझं काहीतरी चुकलंय." तो भराभरा बोलायला लागला. "एकदा मी सकाळची गोळी विसरलो होतो. दुपारी घेतली. बाई म्हणतात त्यानं काही झालं नसणार, पण त्या बरं वाटावं म्हणून म्हणतात. आणि मित्राच्या वाढदिवसाला दोन घोट बिअर घेतली होती. दोनच घोट, मामा. आईला सांगितलं नाही. त्यानंच गेलं असणार. एकदाच मिळतं ते, आणि मी ते दोन घोटांत घालवलं. तू एवढं सांभाळलंस आणि मला..."

सुजलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

मामानं हातातला हिरा खाली ठेवला. आता हे सहन करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"तुझं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "माझं टिकलं नाही."

"म्हणजे?"

"तू सही केलीस त्याच्या आधीच माझं उतरलं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळी मी बाटली घ्यायचो. पायात. बाई बघायच्या तो आकडा बाटलीचा असायचा."

खलाशी त्याच्याकडे बघत राहिला. काही वेळ ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. मग शिरलं.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"इथे उभा राहून विचारलं होतं. तुझं टिकलंय म्हणालो होतो. बाई थांब म्हणत होत्या. मी थांबलो असतो, मामा. एक शब्द बोलला असतास तरी थांबलो असतो."

"उद्या सकाळी केंद्रात जाऊन बाईंना सगळं सांगतो. माझा आकडा बघून आणखी कुणी..."

"सांग नाहीतर नको सांगू. माझं काय येतंय परत?" तो दोन्ही हात टेबलावर टेकून वाकला. गुडघा दुखत होता त्याचा. मग अचानक त्यानं मान वर केली. "बाटल्या कुठून आणल्यास? तुझ्या तर थोड्याच होत्या."

मामानं मान खाली घातली.

"आमच्या घरातून? माझ्या?" खलाशीचा आवाज बारीक झाला. "आईला माहीत होतं?"

दाराशी ताई स्टुलावरून उठून उभी राहिली होती. खलाशीची पाठ तिच्याकडे होती. तिचा चेहरा मामाला स्पष्ट दिसत होता. तोंड उघडं, एक हात छातीवर, आणि सगळं बोलून टाकायला निघालेली. मामाला एक गोष्ट लख्ख कळली. हे पोर आता घरी जाणार होतं. उद्यापासून एक दिवसाआड परत त्याच बाईसमोर हात पुढे करणार होतं. त्याला दुसरं कोण होतं?

"तिला?" मामा मोठ्यानं म्हणाला, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "तिला कुठून माहीत असणार? ती कामावर गेली की तुमच्या घरात शिरून चोरत होतो मी. तिला कळलं असतं तर तिनं माझे पाय तोडले असते."

ताईचा हात छातीवरच राहिला.

खलाशीनं मामाकडे असं बघितलं, की चार थोबाडीत परवडल्या असत्या. मग तो वळला, लंगडत दारापाशी गेला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल आई," तो म्हणाला. "या माणसाच्या दारात परत यायचं नाही. तूसुद्धा नाही."

ताईचे ओठ हलले. मामानं मान हलवली, नाही म्हणून, अगदी जराशी. खलाशीनं आपला भार तिच्या खांद्यावर टाकला, तिनं त्याच्या कमरेला हात घातला, आणि दोघं रस्त्यावर उतरली. मामा टेबलामागे उभा राहून त्यांच्या पाठी बघत होता. ताई, वळू नकोस गं, तो मनात म्हणत होता, पोराला तुझं तोंड दिसेल. ताई वळली नाही.